यलोनाईफला घातलेले सांडगे

यलोनाईफला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या टोरोंटोच्या मंडळातल्या बायका आधी विचारतात, "अगं, थंडी केवढी असेल!" जूनमध्ये गेले होते हो. सत्तावीस डिग्री होती. डास मात्र असे, की मी गोऱ्यापान बाईसारखी लालबुंद होऊन परत आले. दुसरा प्रश्न असतो, "तिथे बघायला काय आहे?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी काही बघायला गेले नव्हते, होकार आणायला गेले होते. माझी मुग्धा वॉटर्लूला शिकली, पर्यावरणाची इंजिनियर झाली, आणि कॅनडात एवढ्या नोकऱ्या असताना नकाशात बोट ठेवायला जागा नाही अशा उत्तरेला निघून गेली. जुन्या खाणीची माती स्वच्छ करायचं काम. "दोन वर्षं, आई," म्हणाली होती. चार झाली. मग फोनवर जोसेफ आला. जोसेफ तिथला, म्हणजे अगदी तिथलाच, डेने या मूळच्या लोकांपैकी. खाडीपलीकडच्या डेट्टा नावाच्या वस्तीत आजीनं त्याला वाढवला. मुलगा मला फोनवरच आवडला. मुग्धानं शिकवल्यामुळे मला "आई" म्हणायचा, आणि "कसं काय?" एवढं विचारून दमायचा.

अडचण होती ती आजीची. तिनं लग्नाला नाही म्हटलं नव्हतं, पण हो पण म्हणत नव्हती. आणि तिच्या होकाराशिवाय जोसेफ लग्न करणार नव्हता. जोसेफचा बाप दक्षिणेतून आलेला. तिथे दक्षिण म्हणजे एडमंटन, टोरोंटो, आपण सगळे. खाणीवर कामाला आला, चार हिवाळे राहिला, पोरगं तीन वर्षांचं असताना निघून गेला. मुग्धाही दक्षिणेतून आलेली, तिलाही चार हिवाळे झालेले. म्हातारीनं गणित मांडलं तर तिचं काय चुकलं?

पण तेव्हा मला ते कुठे कळत होतं! मी बावीस वर्षं मिसिसागाच्या बँकेत काउंटरवर काढलेली बाई. भांडायला आलेला माणूस माझ्याकडून फॉर्म भरून, थँक्यू म्हणून जातो. ह्यांना म्हटलं, "दहा दिवसांत होकार घेऊन येते. तुम्ही ऑक्टोबरचा हॉल बघून ठेवा." आणि बॅगेत हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, हिंग आणि जाड प्लास्टिकचा कागद भरला. ह्यांनी विचारलं, "डाळ कशाला?" म्हटलं, "मुहूर्ताचे सांडगे घालायला. पंचांगात शनिवार चांगला आहे." ते म्हणाले, "अगं, अजून होकार नाही." म्हटलं, "येईल हो, तुम्ही फार विचार करता!"

विमानतळ आणि गाव

एडमंटनला विमान बदललं. दोन तास खाली नुसती झाडं आणि पाणी, झाडं आणि पाणी, घर म्हणून दिसेना. उतरले तर सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं. माझी बॅग त्याच्या पायाखालून फिरून आली. मुग्धानं मिठी मारली आणि आधी बॅग उचलून पाहिली. "आई, व्हॉट डिड यू ब्रिंग? दगड?"

गाव म्हणावं तर लहान, आणि बसलंय सगळं खडकावर. माती नाहीच. गुलाबी-करडा खडक जमिनीतून पाठ काढून वर आलेला, त्यावर खांब रोवून घरं. जुन्या गावात पाण्याचा नळ नाही, टँकर येऊन घराच्या टाकीत पाणी भरतो. हे पाहून मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, आपल्याकडचं काहीतरी आहे बाई. फरक एवढाच, की टँकरमागे हंडे घेऊन धावावं लागत नाही. एका उंच खडकाला लाकडी जिने लावलेत. वर चढलं की खाली खाडीत रंगीबेरंगी तरंगती घरं, आणि पाण्यावर उतरणारी लहान विमानं, आपल्याकडे रिक्षा याव्यात इतक्या सहज. पलीकडे सरोवर. सरोवर कसलं, समुद्रच. दुसरा काठ दिसतच नाही.

आणि ऊन! सूर्य मावळतो साडेअकराला, तोही नावापुरता, अंधार असा होतच नाही. लोकांनी झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना चक्क पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावलाय. पण मी काही वेगळंच मोजत होते. नागपूरला मे महिन्यात सांडगे वाळायला दोन दिवस लागतात. इथे वीस तास ऊन, म्हणजे एका दिवसात खडखडीत! मुग्धाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभी राहून मी कंबरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "ही जागा वाळवणासाठीच केलीय." समोरच्या दिव्याच्या खांबावर एक डोमकावळा बसला होता. आपल्या कावळ्याच्या दुप्पट, कोंबडीएवढा. तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. तेव्हाच समजायला हवं होतं.

डेट्टा, पहिली खेप

दुसऱ्या दिवशी जोसेफ न्यायला आला. उंच, खांदे रुंद, बोलणं हळू, आणि "आई" सोडलं तर सगळं इंग्रजीत. डेट्टा गावातून समोर दिसतं, पण रस्ता खाडीला वळसा घालून जातो, अर्धा तास लागतो. "हिवाळ्यात दहा मिनिटं," तो म्हणाला. "बर्फावरून सरळ." मी विचारलं, गाडी? तर म्हणाला, ट्रकसुद्धा. मी पाण्याकडे बघितलं आणि देवाचं नाव घेतलं.

आजीला सगळे एत्सी म्हणतात, त्यांच्या भाषेत आजीच. फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधलेला, अंगात स्वेटर, पायात घरी शिवलेली मण्यांच्या फुलांची मऊ चामड्याची पायताणं. घरामागे पाण्याच्या काठी बांबूसारख्या काठ्यांची मांडणी होती, तिच्यावर चिरलेले मासे दोरीवरच्या कपड्यांसारखे लटकवलेले आणि खाली धुमसता विस्तव. मी शुद्ध शाकाहारी. श्वास जरा बेतानंच घेतला. पण त्या मांडणीकडे बघून मनात आलं, अरे, हिचंही वाळवणच चाललंय की!

मी वाकून नमस्कार केला, शाल दिली, रव्याचे लाडू दिले. तिनं लाडू हातात घेऊन वजन केल्यासारखा पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "किती दिवस राहणार?"

"दहा दिवस!" मी अभिमानानं सांगितलं. रजा मिळवायला किती खटपट केली तेही सांगितलं. तिनं मान हलवली आणि चहा ओतला. सोबत बॅनॉक दिला, म्हणजे तव्यावर भाजलेली जाड रोटी, आपल्या भाकरीची आणि पावाची मावसबहीण. लोण्याबरोबर मी तीन खाल्ल्या. खाण्याआधी एत्सीनं लाडवाचा एक तुकडा आणि रोटीचा एक तुकडा मोडून बाहेरच्या विस्तवात टाकला आणि काहीतरी पुटपुटली. जोसेफ म्हणाला, अग्नीला आधी जेवू घालतात. मला भरूनच आलं. आमचे वडील पानाभोवती चित्राहुती घातल्याशिवाय घास उचलत नसत.

झालं, मी सुरू झाले. मुग्धा किती गुणी, आम्ही जोसेफला मुलासारखं कसं मानू, टोरोंटोचा हॉल किती मोठा, मंडळाचे लोक किती हौशी. एत्सी खिडकीबाहेर बघत होती. मी थांबले की शांतता. ती मला सोसेना, म्हणून परत मीच. आपल्याकडे पाहुण्यासमोर कोणी असं गप्प बसलं तर समजावं, काहीतरी बिनसलंय. तासाभरानं एत्सी उठली, म्हणाली, "मासे उलटायचे आहेत," आणि गेली.

गाडीत मुग्धा म्हणाली, "आई, शी वॉज थिंकिंग. तू तिला विचार करूच देत नव्हतीस."

"एवढा कसला विचार?" मी म्हटलं. जोसेफ आरशातून हसला. तोपर्यंत सगळं छान होतं.

शनिवार

इथे माझी चूक येते. ती मी केली, आणि समजून उमजून केली, म्हणून नीट सांगते.

मुहूर्त म्हणजे काय, तर लग्नघरी पाच सुवासिनींनी मिळून पहिले सांडगे घालायचे. ते वाळवून जपून ठेवायचे, आणि लग्नाच्या दिवशी लग्नघरीच तळायचे. मुग्धा म्हणाली, "आई, एत्सीनं अजून हो म्हटलेलं नाही." मी म्हटलं, म्हणेल. पाच सुवासिनी मात्र जमवायच्या होत्या. मी धरून एक. मजल्यावरची तेलुगू डॉक्टरीण दोन. मुग्धाच्या ऑफिसातली पंजाबी मुलगी तीन. खालच्या दोघी फिलिपिनो बहिणींना मी जिन्यात गाठून विचारलं, "नवरा आहे ना?" धाकटी घाबरून म्हणाली, "आहे, पण मनिलात." म्हटलं, चालेल.

कोहळा मिळाला नाही म्हणून झुकिनी किसली. डाळ भिजलेली, वाटलेली, हिंग-जिरं-मिरची घातलेली. बायका जमल्या, हसताहेत, हळदीकुंकू लावून घेताहेत. इतक्यात जोसेफ आला. डब्यात आजीनं पाठवलेली रोटी होती. त्यानं ताटं, कागद, कुंकू पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आई, हे लग्नाचं आहे ना? थांबा, मी एत्सीला घेऊन येतो. तासाभरात येतो."

"नको, नको," मी गोड आवाजात म्हटलं. "दमतील त्या. कशाला त्रास?"

"दमत नाही ती," तो म्हणाला. "तिला आवडेल."

मी मुग्धाकडे पाहिलं. बोलायचं ते तिनं बोलावं म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग इंग्रजीत, सगळ्यांसमोर, जोसेफला स्पष्ट सांगितलं, "शी कान्ट कम, बिकॉज शी इज अ विडो. दॅट्स द रूल."

जोसेफनं रोटीचा डबा हळूच टेबलावर ठेवला. "ओके, मिसेस देशकर," म्हणाला आणि गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्यानं ते आवाज न करता लावलं.

मिसेस देशकर! मला ते कानशिलात मारल्यासारखं लागलं. पण माझा स्वभाव असा, की चूक झाली की मी आधी आवाज चढवते. म्हटलं, "मी नियम केलाय का? तिच्या भल्यासाठीच..." मुग्धा म्हणाली, "सिरियसली, आई?" आम्ही पाच सुवासिनींनी सांडगे घातले. एकीनंही गाणं म्हटलं नाही.

वर कडी म्हणजे, मी मुग्धाला ओढून धबधबा बघायला नेलं. ठरलं होतं ना! जंगलातून वीस मिनिटं चालायचं, पायाखाली खडक आणि मऊ शेवाळ, बाजूला बुटकी पाईनची झाडं, मग अचानक पाण्याचा गडगडाट. सुंदर आहे हो, कोणी गेलात तर चुकवू नका. आम्ही दोघी दोन वेगळ्या दगडांवर बसलो होतो, एवढंच.

परत आलो तर बाल्कनीत चार डोमकावळे. एक कठड्यावर, दोन कागदावर, आणि चौथा कागदाचं टोक चोचीत धरून ओढत होता, म्हणजे राहिलेले सांडगे घरंगळत त्याच्याकडे यावेत. एवढी अक्कल! मी चप्पल फेकली. डोमकावळा जागचा हलला नाही, चप्पल मात्र तीन मजले खाली जाऊन कोणाच्या तरी उघड्या ट्रकमध्ये पडली, आणि तो ट्रक निघून गेला. दोनशे सांडग्यांतले सात उरले.

इतर कोणाला हे विनोदी वाटेल. मला नाही वाटलं. आपल्याकडे कावळा कधी शिवतो ते सांगायला नको. मुहूर्ताच्या अन्नाला कावळा शिवला! मी बाल्कनीच्या दारात बसले, एका पायात चप्पल, आणि रडले. मुग्धा शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, आजी कुठे होती गं? तुझ्या मुहूर्ताला?"

तिनं सहज विचारलं नव्हतं. तिला ठाऊक होतं, मीच कधीतरी सांगितलं होतं.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते, माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गेले. नागपूरला अजनीच्या क्वार्टरमध्ये माझ्या आईच्या हातचे सांडगे मागायला चार रांगांतल्या बायका यायच्या. माझ्या मुहूर्ताची डाळ तिनंच भिजवली, तिनंच पाट्यावर वाटली, तिखट-मीठ तिनंच बघितलं. मग पाचजणी आल्या आणि ती आपणहून आत गेली. मी एकोणीस-वीस वर्षांची होते. आतल्या दाराचा पडदा हलत होता, ते मी पाहिलं होतं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "मीठ बरोबर आहे का हो?" आणि पडद्यामागून आई म्हणाली, "आहे." तेव्हा मला इतका राग आला होता, की ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही.

आणि मी काय केलं? सात समुद्र ओलांडून, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊन, तेच केलं. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

डेट्टा, दुसरी खेप

रविवारी सकाळी मुग्धानं मला तिथे सोडलं. "मी गाडीत बसते," म्हणाली. "यू डू द टॉकिंग. कमी बोल."

एत्सी काठावर मासे चिरत होती. एका हातात सुरी, मासा मधोमध उघडायचा, काटा अलगद काढायचा, मग मांसाला बारीक आडव्या चिरा द्यायच्या, कातडी मात्र कापली जाता कामा नये. चकलीच्या सोऱ्यावर आईचा हात चालायचा, तसा तिचा सुरीवर चालत होता. जोसेफ लाकडं फोडत होता. त्यानं मला पाहिलं आणि परत कुऱ्हाड उचलली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "मी तुम्हाला बोलावलं नाही, कारण तुमचे यजमान नाहीत. आमच्याकडे तशी रीत आहे. वाईट रीत आहे. माझ्या आईलाही माझ्या लग्नात आत बसवलं होतं. मला माहीत होतं, तरी मी तेच केलं. माझं चुकलं."

बस. एवढंच. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. मग शांतता. ह्या वेळी मी ती सोसली. डास चावत होते, तरी हललेसुद्धा नाही.

तिनं हातातला मासा पुरा केला, काठीवर टाकला. मग म्हणाली, "माझा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं मीच मासे सुकवते. खराब होत नाहीत."

मी मान खाली घातली.

"तुझ्या आईनं चांगले केले होते का?" तिनं विचारलं. "ते, तुमचं जे काय ते?"

"तिच्यासारखे कोणी करत नसे."

"मग बाकीच्या वेड्या होत्या," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "मुग्धा सांगत होती, डोमकावळ्यानं खाल्ले."

"हो. सातच उरले."

"त्यालाही बोलावलं नव्हतंस."

जोसेफची कुऱ्हाड थांबली. एत्सीच्या चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती, पण तो पाठमोरा हसत होता, खांदे हलत होते. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

उरलेली डाळ मुग्धाच्या घरी होती. ती भिजवून, संध्याकाळी आम्ही परत गेलो. माझा विचार होता, वाटूनच न्यावी. एत्सीनं निरोप पाठवला, तशीच आणा, माझ्याकडे यंत्र आहे. यंत्र म्हणजे टेबलाला आवळायचं, हातानं फिरवायचं, कॅरिबू नावाच्या हरणाचं मांस दळायचं! मी हात मागे घेतला. पण ते यंत्र सुटं करून तिनं उकळत्या पाण्यात दोनदा धुऊन, स्वच्छ फडक्यावर मांडून ठेवलं होतं. मी न सांगता. जोसेफनं कधीतरी सांगितलं असेल, मुग्धाची आई काय खात नाही ते. आता ह्यावर मी नाक मुरडलं असतं, तर मला माणूस कोणी म्हटलं असतं? दांडा मीच फिरवला. डाळ काय सुरेख निघाली सांगू, मिक्सरला तसा रवाळपणा येत नाही.

जुन्या दाराची बारीक जाळी तिनं धुऊन चार दगडांवर ठेवली. मी तिच्या कपाळाला हात लावायच्या आधी कुंकवाची डबी दाखवून विचारलं, "चालेल?" तिनं रुमाल मागे सरकवला. पहिला सांडगा तिच्या हातून घालायचा होता. "केवढा?" तिनं विचारलं. मी बोटानं दाखवलं, सुपारीएवढा. तिनं सुपारी कुठे पाहिली होती! पण अगदी तेवढाच घातला. त्याआधी एक गोळा मोडून विस्तवात टाकला, आणि एक लांब नेऊन खडकावर ठेवला. "त्याच्यासाठी," झाडाकडे बोट दाखवून म्हणाली. झाडावर तो बसलाच होता.

पुढचे दिवस

माझ्या वीस तासांच्या उन्हाचं गणित तिनं एका वाक्यात निकालात काढलं. "इथलं ऊन लांब आहे, कडक नाही." वाळवतो तो वारा, माशा दूर ठेवतो तो धूर, आणि कोणीतरी जवळ बसून राहावं लागतं. तो शेवटचा भाग मी विसरले होते. अजनीला आम्ही पोरं काठी घेऊन दिवसभर राखण करायचोच की. इथे मी सांडगे टाकून धबधबा बघायला गेले होते.

मग मी बसले. तीन दिवस, मुग्धा कामावर जाताना मला सोडायची, येताना न्यायची. एत्सी मासे उलटायची, मी सांडगे उलटायची. ओलसर कुजकी लाकडं विस्तवावर कशी रचायची, म्हणजे ज्वाळा न येता धूर येतो, ते शिकले. ती फार बोलत नसे, आणि नवल म्हणजे मीही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "जोसेफचा बाप चांगला माणूस होता. पण कधी बसला नाही. सारखा कुठेतरी निघालेला." थोड्या वेळानं म्हणाली, "मुग्धा बसते. गेल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर मासे धरायच्या जाळ्याजवळ बर्फावर बसली होती. बोटं निळी पडली तरी उठली नाही."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या मुलीनं मला सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं, तर मी आधी हातमोज्यांवरून ओरडले असते.

सांडगे वाळले. खडखडीत वाळले, जाळीवर वाजायला लागले. एक तळून पाहिला. धुराचा वास लागला होता, आणि शेजारच्या काठीवर मासे होते, तेव्हा खोटं कशाला बोलू, थोडा तोही होता. मी खाल्ला. आईचं मीठ मात्र जमलं होतं.

निघताना

शेवटच्या दिवशी विमानाआधी तिच्याकडे गेलो. होकाराचं मी तोंडातून काढलं नव्हतं, पण दहा दिवस संपले होते. एत्सीनं सांडगे चहाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले होते. मी घ्यायला हात पुढे केला.

तिनं डबा सोडला नाही. "हे लग्नाच्या दिवशी तळतात, म्हणालीस ना?"

"हो."

"जिथे लग्न असेल तिथे?"

"हो," मी म्हटलं.

ती स्टुलावर चढली. जोसेफ धरायला धावला, त्याला हातानं बाजूला केलं. घड्याळाशेजारच्या वरच्या फळीवर डबा नीट आत सरकवून ठेवला आणि खाली उतरली. "मग हे इथे राहतील," म्हणाली. "मार्चमध्ये. बर्फ जाड असतं तेव्हा. लांबच्या गावचे लोक बर्फावरून येऊ शकतात."

मुग्धानं तोंडावर हात ठेवला. जोसेफ भिंतीला टेकला. आणि मी? मला हवा होता तो होकार मिळाला होता, आणि मी मनात वजाबाकी करत होते. ऑक्टोबरचा हॉल गेला, तीनशे पाहुण्यांची यादी गेली, त्याचं एवढं नाही. पण मनात एक कोपरा होता, ह्यांनाही न सांगितलेला. लग्न टोरोंटोला होईल, दोघं येतील, मग हळूहळू तिथेच नोकऱ्या बघतील. तो कोपरा त्या फळीवर डब्याबरोबर गेला. माझी मुलगी आता इथली होती. डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि निम्मं तरी खरं होतं.

एत्सीनं माझा हात हातात घेतला. खरखरीत, उबदार हात. "मार्चमध्ये किती दिवस राहणार?" तिनं विचारलं.

बँकेत किती रजा शिल्लक आहे ते माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. "तुम्ही सांगाल तेवढे," म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

विमानतळावर त्या पांढऱ्या अस्वलापाशी जोसेफनं माझी बॅग उचलून दिली. जाताना दगडांची होती, आता हलकी झाली होती. "आई," तो म्हणाला, "मार्चमध्ये चांगले बूट आणा. चपला उडतात तुमच्या."

टोरोंटोला हे घ्यायला आले होते. बॅग हातात घेऊन म्हणाले, "इतकी हलकी? सांडगे कुठे आहेत?"

"लग्नघरी ठेवून आले," म्हटलं.